वाचकाला आधीच सांगून टाकलं

कथा पूर्ण झाली की मी ती कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते. वाचताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघण्यात अर्थ नसतो. चेहरा भिडस्त असतो, त्यात माणूस ओळखीचा असला की कौतुकाची तयारी आधीपासूनच. हातांकडे बघावं. हात मोबाइलकडे गेला, नखं न्याहाळली गेली, चष्मा काढून उगाच पुसला गेला, की त्या ओळीच्या शेजारी मी पेन्सिलीने बारीक फुली मारते आणि न थांबता पुढे वाचते. नंतर मिळणारा अभिप्राय मनापासून ऐकते, पण दुरुस्तीला बसताना समोर ठेवते त्या फुल्या.

ज्या कथेबद्दल सांगायचं आहे, तिच्या मधल्या पानांवर फुल्यांची रांग लागली होती.

बीज साधं होतं. विस्मरण झालेले वडील थोरल्या मुलाकडे राहायला आले आहेत. रोज संध्याकाळी ते पिशवी भरून दाराशी येतात आणि विचारतात, "निघायचं ना? घर कधीचं बंद आहे." मुलगा रोज काहीतरी कारण काढतो. पाऊस आहे, गाडी नाही, उद्या जाऊ. खरं कारण एकच. ते घर विकलं गेलंय. कागदांवर सही वडिलांचीच आहे, एका बऱ्या दिवशी, सगळं समजून-उमजून केलेली. नंतर ते विसरले. पहिल्या खर्ड्यात ही गोष्ट मी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवली होती. तोवर वाचकाने मुलाला आळशी समजावं, जरा कोरडा समजावं, आणि शेवटी एका वाक्यात पारडं फिरावं, असा बेत होता.

मैत्रिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "शेवटाला दचकले गं. पण मधे तो म्हातारा रोज विचारतोय आणि हा रोज टाळतोय, तेव्हा वाटत होतं, अरे, एकदाचं घेऊन जा ना त्याला! तू मुद्दाम ताणतेयस असं झालं." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "आता कळलंय ना सगळं, तर पुन्हा नाही वाचणार मी."

ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कथा एकदाच वाचण्याजोगी होती, काडी ओढली की संपली अशी. कलाटणीबद्दल माझा आकस नाही. जिथे कलाटणी मिळाल्यावर मागची सगळी पानं नव्याने उलगडतात, तिथे ती हवीच. पण माझ्या मधल्या पानांत उलगडण्यासारखं काही नव्हतंच. तिथे एक म्हातारा विचारत होता, एक मुलगा टाळत होता, आणि लेखिका हळूच किल्ली मुठीत दाबून उभी होती. वाचकाला पात्रं दिसायच्या आधी लेखिकेची मूठ दिसत होती.

त्याच दिवसांत मी वेताळपंचविशी पुन्हा वाचायला घेतली, आणि या खेपेला गोष्टींसाठी नाही, तर ती बांधली कशी आहे हे बघायला. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ती येते आणि आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर ती वाचता येण्याआधीच पडलेली असते. तिची मांडणी बघा. नियम सुरुवातीलाच सांगून टाकलेला. राजाने प्रेत खांद्यावरून न्यायचं, वाटेत तोंड उघडायचं नाही. वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे पहिल्या फेरीनंतर पुढच्या जवळजवळ प्रत्येक फेरीचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. राजा बोलणार, प्रेत परत फांदीला लोंबकळणार. तरीही आपण वाचत जातो. लपवलेलं काहीच नसताना हजार वर्षं माणसं या गोष्टीला चिकटून आहेत, कारण राजाची कोंडी दोन्ही बाजूंनी पक्की आहे. बोललं तरी हरणार, न बोललं तरी हरणार, आणि हे आपल्याला त्याच्याइतकंच माहीत असतं.

चित्रपटवाल्यांत हे सूत्र दिग्दर्शक हिचकॉकच्या नावाने सांगितलं जातं. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ गप्पांत त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला न सांगता तो फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधी सांगितला तर टेबलावरच्या रटाळ गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. उदाहरण इतकं घासलं गेलंय की लेखन-कार्यशाळांत ते निघालं की मागच्या बाकांवर जांभया येतात. मलाही ते कित्येक वर्षं पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या खर्ड्यातला बॉम्ब उचलून पहिल्या परिच्छेदात ठेवणं वेगळं. हात धजत नाही. आपल्याकडे एकच हुकमी पान आहे, तेही पहिल्याच डावात उघडं केलं तर पुढे खेळायचं काय, ही ती भीती.

अखेर पहिलं वाक्य असं झालं : 'घर विकून वर्ष होऊन गेलं होतं आणि कागदांवर सही वडिलांचीच होती.' त्यानंतर लगेच वडील पिशवी घेऊन दाराशी येतात आणि विचारतात, "निघायचं ना?"

या संवादातला शब्दही मी बदलला नव्हता. पण आता तो प्रश्न ऐकवत नव्हता. आधीच्या खर्ड्यात पानं भरणारी वाक्यं एकेक करून टोकदार व्हायला लागली. वडील विचारतात, "किल्ली कुठाय?" पूर्वी मुलगा म्हणायचा, "ड्रॉवरमध्ये आहे," आणि मी पुढे सरकायची. आता पुढे सरकता येईना. कुठली किल्ली? घराच्या किल्ल्या तर नव्या मालकाला दिल्या. मग ड्रॉवरमध्ये काय आहे? मुलगा खोटं बोलतोय का, की त्याने एक किल्ली मागे ठेवून घेतलीय, आणि ठेवली असेल तर कशासाठी? बराच काथ्याकूट केल्यावर मी त्याला कपाटाची किल्ली द्यायला लावली. घराच्या किल्लीशी तिचं काडीचंही साम्य नाही, छोटी, पितळी. वडील ती हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि समाधानाने खिशात टाकतात. मुलाला हायसं वाटतं आणि त्याच क्षणी, आपल्याला हायसं वाटलं याची लाज वाटते. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग नव्हता, आणि असूच शकला नसता. वाचकाला काही माहीतच नसेल तर कपाटाची किल्ली ही फक्त किल्ली.

गंमत अशी की गुपित वर आणल्यावर निवेदनाचाही पेच सुटला. पहिला खर्डा प्रथमपुरुषी होता, मुलगाच सांगत होता. पण जो माणूस स्वतः गोष्ट सांगतोय आणि तिच्यातली मुख्य बाबच गिळून बसलाय, तो वाचकाशी सरळ लबाडी करत असतो. बारीक नजरेचा वाचक हे माफ करत नाही. गुपित उघड केल्यावर ही अडचण गेली, पण दुसरी उभी राहिली. मुलगा स्वतःची वकिली करायला लागला. 'मी तरी काय करणार होतो', 'औषधपाण्याला पैसा लागतोच' वगैरे. वाक्यं खरी होती आणि वाचताना कंटाळा आणत होती. म्हणून निवेदन तृतीयपुरुषी केलं, मात्र मुलाच्या खांद्याला खांदा लावून चालणारं. तो काय करतो ते दिसतं, सफाई द्यायला त्याला व्यासपीठ मिळत नाही. यासाठी पूर्ण कथा पुन्हा लिहावी लागली. 'मी' खोडून 'तो' लिहिला की झालं, असं वाटतं खरं, पण 'मी' गेला की वाक्याचा स्वरच जातो. निम्मी वाक्यं टाकून द्यावी लागली.

तपशिलांच्या बाबतीत माझा गुरू रशियन कथाकार चेखव. मे १८८६ मध्ये भावाला, अलेक्सांद्रला, लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की चांदणी रात्र दाखवायची तर बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकताना दाखव. निसर्गवर्णनाबद्दलचा सल्ला आहे, पण आजारपणाच्या वर्णनालाही तो तितकाच लागू पडतो. वडिलांच्या विस्मरणावर माझ्याकडे चांगला लांबलचक परिच्छेद होता, वाचून, विचारून, टिपणं काढून लिहिलेला. तो काढला आणि पिशवी उघडली. आत काय असेल? दोन सदरे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ओला साबण, सेल नसलेली टॉर्च आणि एक जुनं वीजबिल. बिल का? तर 'भरायचं राहिलंय' म्हणून. ज्या घराचा मीटर आता दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याच्या बिलाची काळजी वाहणारा माणूस एवढ्याने उभा राहतो. काढलेला परिच्छेद मी फेकला नाही. वेगळ्या फाइलमध्ये ठेवते असे तुकडे. आजवर त्यातलं काही पुन्हा वापरलं गेलेलं नाही, पण फेकलं नाही एवढ्या समाधानावर कात्री निर्धास्त चालते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शेवटाने. हुकमी पान पहिल्या ओळीत गेलं होतं, शेवटची जागा मोकळी. वडिलांना अचानक सगळं आठवतं, असा शेवट लिहिला, खोटा वाटला. मुलगा त्यांना त्या घरापाशी घेऊन जातो, असाही लिहिला; डोळे ओले करणारा होता, म्हणूनच संशय आला. मग एकदा सरळ मुलालाच बोलू दिलं. एका संध्याकाळी तो न राहवून सांगून टाकतो, "बाबा, घर विकलं आपण." वडील शांतपणे म्हणतात, "माहीत आहे. सही मीच केली ना." मुलगा त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील पिशवी घेऊन दाराशी.

इथे पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की वेताळाची कोंडी नकळत माझ्या कथेत शिरली आहे. रोज खरं सांगावं तर म्हाताऱ्याला रोज नव्याने घर गमवावं लागणार. रोज खोटं बोलावं तर मुलगा आतून झिजणार. मी तिथेच थांबले. मैत्रिणीला नवा खर्डा वाचून दाखवला तेव्हा कागदावर फुल्या होत्या, पण विरळ, आणि किल्लीच्या प्रसंगात तिचे हात मांडीवर निपचित होते.

पुढचा भाग कथेचा नाही, चिकाटीचा. चिकाटीबद्दल लोक फार उदात्त बोलतात. प्रत्यक्षात ती बरीचशी कारकुनी असते. माझ्याकडे एक वही आहे. कुठली कथा, कुठल्या मासिकाकडे, कुठल्या तारखेला, काय उत्तर. पूर्वी पाठवणारा आपणच परतीच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचा आणि 'साभार परत'ची चिठ्ठी त्यातून यायची. आपल्याच हस्ताक्षरातलं पाकीट दारात बघितलं की उघडायच्या आधीच निकाल कळायचा. आता बहुतेक ठिकाणी ईमेल. ती जाते, आणि मग काहीच येत नाही. नकारापेक्षा ही शांतता जास्त पोखरते, कारण नकार आला की कथा दुसरीकडे तरी पाठवता येते. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे धाडू नये हा शिष्टाचार मी पाळते, म्हणून वहीत आठवण करण्याची तारीखही लिहून ठेवते. ती उलटली की एक सभ्य ओळ पाठवायची. तरीही उत्तर नाही, तर कथा मागे घेत असल्याचं कळवायचं आणि पुढची वाट धरायची.

ही कथा आधी परत आली ती एका वाक्यासह : 'कथा चांगली आहे, पण शेवट होत नाही.' नुसताच नकार असता तर त्याच संध्याकाळी ती दुसरीकडे गेली असती. पण संपादकाने वेळ काढून एखादं वाक्य लिहिलं असेल तर ते दोन दिवस जवळ बाळगायचं असा माझा प्रघात आहे. बाळगलं, आणि शेवटाला हात लावला नाही. शेवट होत नाही, हीच तर त्या घराची गोष्ट होती. पुढच्या संपादकांनी मात्र फोन केला. म्हणाले, "कथा घेतो, पण आमच्या शब्दमर्यादेत बसवून द्या. आणि खरं सांगू का, तो शेजारी कशाला आलाय?" शेजारी माझा लाडका होता. त्याच्या तोंडी दोन-तीन झकास वाक्यं होती. मी फोनवर त्याची बाजू मांडायला लागले आणि बोलता बोलताच जाणवलं की माझ्याकडे मुद्दा नाही, फक्त जिव्हाळा आहे. शेजारी गेला. तो गेल्यावर बापलेक दारात एकटे उरले आणि त्यांच्यातली शांतता अधिक ऐकू यायला लागली. संपादकांचं म्हणणं कधी मानायचं आणि कधी नाही, याचा ढोबळ आडाखा माझ्यापुरता असा आहे : ते अडखळण्याची जागा दाखवतात ती जवळपास नेहमी बरोबर असते, त्यावर ते जो उपाय सुचवतात, तो बरोबर असेलच असं नाही. पहिल्या संपादकांना शेवटी काहीतरी खटकलं हे खरंच होतं. ती खटक त्या शेजाऱ्यामुळे होती, असं मला आज वाटतं.

रोज लिहिण्याबद्दल इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं उदाहरण दिलं जातं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून हा माणूस पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच सांगून ठेवलंय. त्याच्याबद्दल आदर आहे, पण हे गणित मला मानवत नाही. माझे चांगले दिवस बरेचदा शब्द कमी होण्याचे असतात. शेजाऱ्याला काढलं त्या दिवसाचा हिशेब ट्रोलपच्या घड्याळात कसा मांडायचा? मी शब्द मोजत नाही, वेळ पाळते. नोकरीवर जायच्या आधीचा एक तास, फोन दुसऱ्या खोलीत. आणि उठताना वाक्य अर्धं सोडून उठते, पुढचे शब्द माहीत असताना. कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा अर्ध्या वाक्यासमोर बसणं फार सोपं.

तरी भाकड दिवस येतात. असे महिने गेले आहेत की वहीत एकही नवी नोंद नाही, आणि बरोबरीने लिहायला लागलेल्या कुणाचं तरी पुस्तक आल्याची बातमी नेमकी तेव्हाच कळते. अभिनंदनाचा संदेश पाठवायला मला अर्धा दिवस लागतो, हे नमूद करून ठेवते. अशा दिवसांत मी कथा लिहायच्या भानगडीत पडत नाही. कानावर पडलेले संवाद उतरवून काढते. रांगेत, प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर माणसं जे बोलतात त्यातलं जे बोलत नाहीत ते शोधायचं, एवढाच व्यायाम. त्या काळात एक गोष्ट मात्र आवर्जून करते. संपादकाकडे पाठवलेली कथा पुन्हा उघडून बघत नाही. बघितली की पहिल्याच पानावर चूक दिसते आणि पुढचा आठवडा वाया जातो.

आणखी एक कामाची सवय म्हणजे एक कथा पोस्टात पडायच्या आधी दुसरीचं निदान पहिलं पान तरी तयार हवं. वाट बघणारा माणूस आणि लिहिणारा माणूस एकाच खुर्चीत मावत नाहीत. नव्या पात्रांचं लफडं डोक्यात सुरू असलं की परत आलेल्या पाकिटाचा वार जरा बोथट लागतो.

कथा छापून आली. अंक हातात पडला त्या दिवशी काहीच घडलं नाही. घरच्यांनी चाळला, मैत्रिणीने फोटो काढून पाठवला. बऱ्याच दिवसांनी संपादकांमार्फत एका वाचकाचं पत्र आलं. कौतुकाची एक ओळ आणि मग थेट हुज्जत : मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा खरंच सांगायला हवं होतं, वडिलांना फसवण्याचा त्याला अधिकार नाही. त्याच सुमारास नात्यातल्या एका काकूंनी फोन करून बजावलं, "अगं, एकदा सांगितलं ते पुष्कळ झालं. रोज काय त्या जिवाला टोचत बसायचं? दे म्हणावं किल्ली आणि गप्प बस." दोघांनीही कथा पुन्हा वाचली होती, आपापला मुद्दा भक्कम करायला. मी पत्राला उत्तर लिहिलं, आभार मानले, आणि त्या मुलाने काय केलं असेल हे सांगायचं टाळलं. काकूंना म्हटलं, "त्यालाच विचारायला हवं." त्या म्हणाल्या, "विचार आणि कळव."

सध्या ज्या कथेवर बसले आहे तिच्यात घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे आणि प्रत्येक जण ती एकट्यालाच माहीत असल्यासारखा वागतोय. वाचकाला ती पहिल्याच पानावर सांगितली आहे. अडलंय ते सुनेपाशी. तिला हे कळलंय इतकं नक्की, पण कुणाकडून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सासूकडून कळलं असेल तर कथा लहान होते, नवऱ्याकडून कळलं असेल तर बरीच लांबते, आणि शब्दमर्यादा यावेळीही तीच आहे.